पाचवा रकाना

"बाई, सोळा नंबरलाबी लागण झाली," सात्ताप्पा मामांनी पायरीवर छत्री झटकत सांगितलं, आणि मी खुर्चीतून उडीच मारली. ती अर्ध्यावर राहिली, कारण माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता.

"नक्की ना मामा?"

"म्हंजे काय! डोळ्यानं बघून आलोय. सोमवारी बारा, परवा चौदा, आज सोळा. आता वर वर सरकाय लागली बघा."

"आणि बेडूक किती दिसले?"

"लागण व्हायच्या आधी बावीस हुते. आज मोजून चार."

मी वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. निळ्या शाईतलं वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही. सोळाव्या ओळीत, पाचव्या रकान्यात, 'होय'. मला इतका आनंद झाला की मागोमाग लाजही वाटली. ओढ्यातले बेडूक नाहीसे होत होते आणि त्यांना वाचवायला म्हणून आलेल्या बाईला हसू आवरत नव्हतं. पण रोग पसरलाच नाही, तर रोगाच्या प्रसारावर प्रबंध लिहायचा कसा?

ही गोष्ट २००६ च्या जुलैमधली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि रानातल्या बेडकांना होणाऱ्या एका विषाणूजन्य रोगावर पीएच.डी. करत होते. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरात हेदवणे नावाचं गाव आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या ओढ्याच्या तळाशी, एक नंबरच्या डबक्यात, अंगावर लाल चट्टे उठलेले काही बेडूक मरून पडलेले सापडले होते. प्रयोगशाळेत त्यांच्यात विषाणू मिळाला. ओढा जिथून निघतो त्या वरच्या झऱ्याच्या कातळावर अंगठ्याच्या नखाएवढा एक बेडूक राहतो, आणि तो आम्हाला दुसरीकडे कुठे आढळला नव्हता. विषाणू ओढ्याने चढत त्याच्यापर्यंत पोचतो का, एवढाच माझा प्रश्न होता. तळापासून झऱ्यापर्यंत मी एकतीस जागा ठरवल्या, काही ओढ्यातली डबकी, बाकी काठची खाचरं, प्रत्येक जागेवर रंगाने आकडा घातला, बेडकांच्या अंगावरून कापसाचे बोळे फिरवून नमुने घेतले, ते परगावच्या प्रयोगशाळेला पाठवले, आणि दहाव्या दिवशी सात नंबरच्या शेवाळावरून घसरून घोटा मोडून घेतला.

खरं तर तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण माझ्या शिष्यवृत्तीची दोन वर्षं संपत आली होती. तिसरं वर्ष द्यायचं की नाही, ते जुलैच्या शेवटच्या सोमवारी पुण्यात एक समिती ठरवणार होती. दाखवायला काही नसेल तर भंडाऱ्याला परत. तिथे वडिलांनी औषधाच्या दुकानाचा मालक असलेला एक मुलगा पाहून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. फक्त त्याने माझ्या मामेभावाला विचारलं होतं, "त्या बेडकांचं लग्नानंतर बंद होईल ना?"

म्हणून मी शाळेमागच्या रिकाम्या खोलीत पाय उशीवर ठेवून राहिले आणि माझ्याऐवजी ओढा चढायला सात्ताप्पा सुतार यांना नेमलं.

मामा त्याच शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते. घंटा देता देता त्यांनी पस्तीस वर्षं मुख्याध्यापकांची सगळी लेखी कामं केली होती. गावात कुणाचा अर्ज असो, रेशनकार्डातली दुरुस्ती असो, नाहीतर ग्रामसभेचा वृत्तांत असो, लिहायचा मामांनीच. "मामाच्या कागदाला कचेरीत कुणी हात लावत न्हाई," असं लोक सांगत, म्हणजे त्यात चूक काढत नाही. असा माणूस मिळाल्यावर मी खूश झाले. शाळेच्या एका कोऱ्या वहीत पट्टीने रेघा मारून पाच रकाने पाडले: ठिकाण, तारीख, बेडूक किती, मेलेले किती, आणि पाचवा.

पाचव्या रकान्याचं नाव इंग्रजीत माझ्या डोक्यात पक्कं होतं. मराठीत 'विषाणुसंसर्ग' असं लिहायला लागले आणि थांबले. खेड्यातल्या माणसाला असले जड शब्द कशाला? माझे मार्गदर्शक डॉ. उपासनी नेहमी सांगायचे, लोकांच्या भाषेत बोला. मी लोकांच्या भाषेतला सोपा शब्द लिहिला: 'लागण'.

"इथे लागण झाली असेल तर होय, नसेल तर नाही," मी मामांना म्हणाले. "कशी ओळखायची ते सांगते. कातडीवर..."

मामा हसले. "बाई, आता लागण कशी वळखायची ते मला सांगू नका. जन्म गेला हितं."

त्या रात्री माझ्या डायरीत मी 'स्थानिक ज्ञान' असा मथळा घालून दीड पान लिहिलं. ते आजही आहे. त्यात 'पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण' असा शब्दप्रयोग दोनदा आलाय.

यानंतरचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वात फलदायी दिवस होते. मामा दिवसाआड ओढ्याने वर जात आणि दुपारी वही घेऊन येत. मी नकाशावर लाल पेन्सिलीने ठिपके भरे. लागण तळापासून सुरू झाली होती आणि शिस्तीत एकेक टप्पा चढत होती. मागे फिरत नव्हती, मधली जागा गाळत नव्हती. रोगाचा एवढा नीटनेटका प्रसार मी कुठल्याच शोधनिबंधात वाचला नव्हता. जिथे लागण झाली तिथे बेडकांची संख्या दोन दिवसांत पाचव्या हिश्शावर. मेलेले फारसे सापडत नसत, पण मेलेला बेडूक ओढ्यात टिकतो किती? खेकडे असतात, पाणसाप असतात.

"मामा, ही लागण खालूनच का सुरू होते?" मी एकदा चहा देत विचारलं.

"खालच्या अंगाला पाणी आधी धरतंय न्हवं. वरच्या टप्प्याला पाऊस मुरल्याबिगर कशी हुईल?"

मी लिहिलं: पाण्याच्या साठ्याशी थेट संबंध.

"दर वर्षी होते?"

"तर! ज्या सालात लागण हुणार न्हाई, त्या सालात गाव जगंल का?"

हे मला जरा गूढ वाटलं. पण परिसंस्थेत रोगालाही स्थान असतं, असं आम्हीही शिकलो होतो. म्हातारा किती खोलवर विचार करतो, असं मनाशी म्हणत मी पुढचा प्रश्न विचारला. साऱ्या अनर्थाचं मूळ तो प्रश्न आहे.

"मग हिला एका जागेहून दुसऱ्या जागी नेतं कोण? म्हणजे ती होते कशामुळे?"

मामांनी माझ्याकडे काहीशा दयेने पाहिलं. शहरातली पोर आहे, असं त्यांच्या मनात आलं असणार. "बायकांच्या हातानं हुतीया की बाई. दुसरं कोण करणार? पुरुषमाणसाला जमतंय व्हय ते?"

बायका! चिखलात गुडघाभर उभ्या राहणाऱ्या, या खाचरातून त्या खाचरात जाणाऱ्या बायका. विषाणू त्यांच्या हातापायांना चिकटून ओढा चढत होता. मी तशीच लंगडत पोस्टात गेले आणि उपासनी सरांना फोन लावला.

"कापगते," सर म्हणाले, "हे फार मोठं आहे. माणसाच्या हातांवाटे रानातल्या बेडकांत प्रसार. नकाशा आणलास की समिती उभी राहून तिसरं वर्ष देईल."

"पण सर, नमुन्यांचे अहवाल अजून आले नाहीत."

"ते सहा महिन्यांनी येतील. नकाशा बोलतोय ना? तू एक कर. प्रशासनासाठी मराठीत एक पानाचं टिपण लिही. वरच्या झऱ्यापर्यंत पोचायच्या आत हे थांबवायला हवं. आणि सोप्या भाषेत लिही हं."

मी सोप्या भाषेत लिहिलं. सरांनी ते आपल्या पत्रासोबत पुढे धाडलं. त्या वर्षी बर्ड फ्लूच्या बातम्यांमुळे विषाणू हा शब्द ऐकला की कचेऱ्यांमधले लोक खुर्ची मागे सरकवत. एरवी आमच्या पत्राला उत्तर यायला दिवाळी उजाडली असती. या वेळी पाचव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, पोलीस पाटलाने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आदेश चिकटवला.

बाहेर गलका ऐकून मी कुबडी घेऊन गेले. पन्नासेक माणसं जमली होती. कुणीतरी मोठ्याने वाचत होतं:

"'मौजे हेदवणे येथील ओढ्यालगत लागण होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर लागण वीस क्रमांकाच्या वर होऊ देण्यात येऊ नये. लागण महिलांच्या हातून होत असल्याने महिलांनी सदर क्षेत्रात पुढील आदेशापर्यंत प्रवेश करू नये.'"

मला अभिमान वाटला. माझं वाक्य, जवळजवळ जसंच्या तसं. शासन इतकं तत्पर असू शकतं यावर विश्वास बसेना.

"आरं, पण लागण करायची न्हाई म्हंजे काय?" एक म्हातारा ओरडला. "खायाचं काय मग?"

"धरण आणाय लागल्यात! आदी लागण बंद करत्यात, मग मोजणीला येत्यात. माझ्या सासरवाडीला असंच झालं."

"आन बायकांच्या हातनं हुतीया म्हणं! मग काय कलेक्टर येऊन करणार काय लागण?"

यावर हशा पिकला. मी हसले नाही. गर्दीच्या पुढे एक उंच, हडकुळी बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांवर चिखल, आणि हातात हिरव्यागार रोपांची एक जुडी. ती हसत नव्हती.

"चिखल करून ठेवलाय," ती फळ्याकडे बघत म्हणाली. "तरवा उपटून ठेवलाय काल सांजच्याला. उद्या माझा पैरा हाय, वाडीतल्या समद्या बायका यायच्यात. आन आज म्हणत्यात लागण करू नका? उपटलेला तरवा काय लोणचं घालून ठिवू?"

मी त्या जुडीकडे पाहिलं. आमच्या भंडाऱ्याला त्यांना परे म्हणतात, इथे तरवा. भाताची रोपं. आणि ती चिखलात लावायच्या कामाला आम्ही म्हणतो रोवणी. कोकणात म्हणतात लावणी. आणि इथे...

मी शेजारच्या मुलीला विचारलं, आवाज शक्य तितका सहज ठेवून, "लागण म्हणजे?"

"रोपलागण की," ती म्हणाली. "भाताची."

मी भाताच्या जिल्ह्यात जन्मले. लहानपणी आजोळी रोवणीला गुडघाभर चिखलात उभी राहिले. माझ्यासमोर दोन आठवडे एक माणूस दिवसाआड सांगत होता की आज अमक्या खाचरात भात लावलं, आणि मी त्याचे लाल ठिपके करत होते. बेडूक कमी होत होते, कारण बैल, औतं आणि वीस बायका चिखलात उतरल्यावर कुठलाही शहाणा बेडूक तिथून निघून जातो. माझा विषाणू दर पावसाळ्यात ओढा चढत होता. मामा खरंच बोलले होते, ज्या सालात तो चढणार नाही त्या सालात गाव जगणार नव्हतं.

पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. मी फक्त फळ्याला टेकले.

हडकुळी बाई म्हणजे हौसाक्का, सात्ताप्पा मामांची थोरली बहीण. नवरा वारून वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पंचवीस ते एकोणतीस नंबरची पाच खाचरं तिची, आणि वर्षाचा भात तेवढाच. हे मला मामांनी परतताना सांगितलं. ते माझ्या कुबडीच्या चालीने सावकाश चालत होते.

"उपटलेली रोपं किती दिवस टिकतात मामा?"

"पाण्यात घालून दोन दिस. तीन म्हंजे लई झालं. मग पिवळी पडत्यात. आन दुसरा तरवा करायचं दिस गेलं आता." मग म्हणाले, "बाई, ह्यो आदेश तुमच्या कागदावरनं आला न्हवं?"

"हो."

"तुमास्नी लागण म्हंजे दुसरं काय म्हणायचं हुतं काय?"

मी सांगितलं. मामा ओढ्याच्या साकवावर थांबले आणि खाली पाण्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की ते हसतायत. मलाही हसू आलं, आणि मग रडू, आणि दोन्ही एकदम आवरेना.

"जाऊ द्या," मामा डोळे पुसत म्हणाले. "कचेरीत जाऊन सांगा की असं असं झालं. शब्दाचा घोळ झाला. माणसंच हाईत ती पण."

मी पोस्टातून सरांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

"सोमवारी समिती आहे," सर म्हणाले. "शुक्रवारी तू सरकारी कार्यालयात लेखी दिलंस की संशोधक विद्यार्थिनीला रोगाची लागण आणि भाताची लागण यातला फरक कळला नाही, तर सोमवारी त्यांना काय सांगू?"

"पण सर, त्या बाईची रोपं..."

"दोन-चार दिवसांनी काय होतंय? मंगळवारी सांगू. मी स्वतः बोलेन." मग आवाज मऊ करून, "कापगते, मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

हे ते मनापासून म्हणत होते. मी त्यांना दोष देत नाही. दोष वाटून द्यायला माझ्याकडे पुरेसा आहेच, पण तो मला स्वतःसाठीच लागतो.

त्या दिवशी मामांनी वही आणून दिली नाही. मी रात्रभर तळमळत पडले आणि पहाटे ठरवलं. तिसरं वर्ष गेलं तर गेलं. औषधाचं दुकान काही वाईट नसतं. सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला गेले. खड्ड्यांवरून बस उसळली की घोट्यातून कळ मस्तकात जाई, आणि मला ते बरंच वाटत होतं. खरं बोलायला निघालेल्या माणसाला थोडा त्रास झाला की आपण फार थोर आहोत असं वाटतं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. 'साहेब, चूक माझी आहे.' साधं, सोपं, चार शब्दांचं.

नायब तहसीलदार ढेंगे हे चष्मा कपाळावर चढवून बसणारे, दमलेले गृहस्थ होते. मी नाव सांगितलं तशी त्यांनी कुबडीकडे बघून खुर्ची दिली.

"बेडूकवाल्या बाई ना? बरं झालं आलात. तुमच्याच प्रकरणाचं चाललंय." त्यांनी समोरचा एक कागद उचलला. "काल दुपारी तुमचा माणूस येऊन गेला. पायी आला होता म्हणे, घाटातून."

कागदावर निळी शाई, वळणदार अक्षर, खाडाखोड नाही.

'मी, सात्ताप्पा गुंडू सुतार, निवृत्त शिपाई, लिहून देतो की, संशोधक बाईंनी मला बेडकांच्या रोगाच्या नोंदी ठेवण्यास सांगितले होते. बाईंनी मला सर्व नीट समजावून सांगितले होते. माझ्या अज्ञानामुळे मी चुकीच्या नोंदी केल्या. रोगाची लागण झालेली नाही. तरी आदेश मागे घेऊन भाताच्या लागणीस परवानगी मिळावी ही विनंती.'

"मी त्याला म्हटलं, आदेश मागे घ्यायचा तर चूक कुणाची ते लेखी पाहिजे. वरती मला विचारतील," ढेंगे म्हणाले. "तर म्हणाला, लेखीच आणलंय. तयारीचा माणूस दिसतो." त्यांनी चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. "फक्त तुम्ही दुजोरा द्या, म्हणजे आत्ता सही करतो. हे असंच झालं ना बाई?"

पंखा घरघरत होता. माझे चार शब्द माझ्याकडे तयार होते, बसमध्ये पन्नास वेळा म्हटलेले. रोपं दोन्ही वाटांनी वाचणार होती. मी खरं सांगितलं असतं तरी ढेंगेंनी सही केली असती. त्यांना फक्त एक नाव हवं होतं, कुणाचंही चाललं असतं.

"हो," मी म्हणाले. "असंच झालं."

त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि मला चहा मागवला. मी तो प्यायले.

गावी पोचले तेव्हा दुपार कलली होती. साकवापासूनच बायकांचा आवाज येत होता. वरच्या टप्प्यात, हौसाक्काच्या खाचरात, वीसेक बायका ओळीने वाकल्या होत्या आणि गात होत्या. पोलीस पाटलाने फोनवरून कळलेला निरोप सगळीकडे सांगितला होता. हौसाक्काने मला बांधावर पाहून लांबूनच हात वर केला, चिखलाचा, हसऱ्या चेहऱ्याने. तिला वाटलं मीच तालुक्याला जाऊन काम करून आणलं.

मामा साकवाजवळ दगडावर बसले होते.

"का केलंत हे?" मी विचारलं.

"सोमवारी तुमची परीक्षा हाय न्हवं. मला आता कोण नापास करतंय?" ते म्हणाले. "आन थांबायला येळ कुठं हुता? रोपं काय मंगळवार बघत्यात?"

म्हणजे पोस्टातलं बोलणं गावभर झालं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आभार, क्षमा, काहीही. मी म्हणाले, "मला कठीण शब्द नको होता मामा. तुम्हाला सोपं जावं म्हणून लागण लिहिलं."

"तुमचा कठीण शब्द कंचा हुता?"

"विषाणुसंसर्ग."

"मग त्योच लिवायचा की," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "मी इचारलं असतं, ह्येचा अर्थ काय म्हणून."

मग त्यांनी वही उघडली, गुडघ्यावर ठेवली आणि पेनचं टोपण काढलं. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. प्रत्येक ओळीत, पाचव्या रकान्यात: होय, होय, होय, होय, होय. फुंकर घालून शाई वाळवली आणि वही माझ्या हातात दिली.

"ह्ये बी घ्या. काम अर्धवट ऱ्हायला नको."

सोमवारी समितीसमोर मी नकाशा दाखवला नाही. क्षेत्रीय सहाय्यकाकडून नोंदींमध्ये चुका झाल्याचं वेळीच माझ्या लक्षात आलं, असं सांगितलं. माझ्या सावधपणाचं आणि प्रामाणिकपणाचं समितीने विशेष कौतुक केलं आणि तिसरं वर्ष एकमताने दिलं. सहा महिन्यांनी अहवाल आले. विषाणू तळाच्या दोन डबक्यांत होता, तिथेच होता, पुढे एक पाऊलही गेला नव्हता. मी विषाणू न पसरण्यावर दोनशे चाळीस पानं लिहिली आणि डॉक्टर झाले. झऱ्यावरचा बेडूक अजून आहे. त्याला माझ्या अभ्यासाचा काही त्रास झाला नाही.

चार वर्षांनी एका कामानिमित्त हेदवण्याला गेले तेव्हा मामा वारले होते. हौसाक्काने तांदळाची पिशवी दिली, नको म्हणता म्हणता. बोलता बोलता म्हणाली, "त्येच्याकडनं अर्ज लिवून घ्यायचं सोडलं हुतं बघा लोकांनी. कचेरीत चूक कबूल करून आला म्हणं, तर मग कोण इस्वास ठेवणार? शेवटाला लई लागायचं त्येला. कुणाला बोलला न्हाई." आणि मग माझा हात धरून, "तुमचं नाव मात्र काढायचा. बाई लई हुशार म्हणायचा."

मला तेव्हाही बोलता आलं असतं. समोर ऐकणारी एकच बाई होती, आणि ती माझा हात धरून बसली होती. मी पिशवी घेतली.

माझ्या प्रबंधात एकशे बाराव्या पानावर तळटीप आहे: 'स्थानिक सहाय्यकाच्या नोंदी सदोष आढळल्याने त्या वगळण्यात आल्या आहेत.' आता मी विभागप्रमुख आहे. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते की नोंदवहीवर विश्वास ठेवा, आणि मुलं ते लिहून घेतात.

मामांची वही माझ्या कपाटात आहे. दर जुलैमध्ये मी ती काढते आणि एकेक ओळ तपासते. ठिकाण बरोबर. तारीख बरोबर. बेडूक बरोबर, मेलेले बरोबर. पाचव्या रकान्यातलं प्रत्येक होय आणि प्रत्येक नाही, बरोबर. सबंध वहीत एकच चूक आहे. ती पहिल्या पानावर आहे, पाचव्या रकान्याच्या माथ्यावर, आणि तिथलं अक्षर माझं आहे.